खोलता येईल असं खेळणं आता मिळतं का?

स्टेटर_पारोळा

रामराम मंडळी. माझं पारोळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, २३ वर्षं झाली. विहिरीच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात. जळकी तार ओढून काढायची, स्लॉट साफ करायचे, कागद घालून नवी तार भरायची, वार्निश मारून द्यायची. पण प्रश्न दुकानाचा नाही, पोराचा आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पोरगा १२ वर्षांचा, सातवीला. दिवाळीत त्याला रिमोटची गाडी आणली, साडेआठशेची. चौथ्या दिवशी ती नुसती उजवीकडेच वळायला लागली. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आता पोरगं दुकानात येईल, दोघं मिळून खोलू, बघू कुठे काय तुटलंय ते. टेबलावर उलटी केली तर स्क्रू त्रिकोणी खाचेचे. माझ्याकडे पेचकसांचा डबा भरलेला आहे, एक बसेल तर शपथ. शेवटी हेक्सॉ घेतला आणि पोटाकडून कापली. आत नखाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. जे काय होतं ते सगळं त्या ठिपक्याखाली.

"पप्पा, काय बिघडलंय?"

गिऱ्हाइकाला मी हे कधी म्हणालो नाही, पोराला म्हणालो. "माहीत नाही रे." तो मोबाईल घेऊन आत गेला.

आमचे आबा खाटेवर बसून सगळं बघत होते. ७७ वर्षांचे आहेत. त्यांनी ते दोन तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारलं, "ह्या डबडामझार काय शे रे भो?" मी म्हटलं, आबा, आत काही नाहीच.

आबा लहानपणी धांड्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांची, बैलगाडी करायचे. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढून झाली की खळ्याजवळ धांडे पडलेले असायचे. साल नखाने सोलायची, आतलं भेंड वेगळं काढायचं. साल वाकवून चाकाची धाव, भेंडाचा तुकडा म्हणजे तुंबा, चाकाचा मधला भाग, आणि खिळे कुठले, तर बाभळीचे काटे. जू, साटी, उभाऱ्या सगळं असायचं त्यात. मागच्या वर्षी त्यांनी नातवाला करून दाखवायचं ठरवलं, पण धांडे आणायला आमच्या शेतात दादर कुठे होती? कापूस आणि मका. शेजारच्या गावाहून पेंढी मागवली. आबांनी गाडी केलीही, हात थरथरत असताना. पोराने फोटो काढला आणि गाडी टीव्हीवर ठेवली. अजून तिथेच आहे.

माझी होती बेरिंगची गाडी. १९८९-९० ची गोष्ट. साबणाच्या खोक्याच्या फळ्या, मागे आडव्या लाकडाला दोन बेरिंग, पुढे एक, आणि पुढचं लाकूड एका बोल्टवर फिरतं ठेवायचं. पायाने उजवी-डावी. बेरिंग मिळवायची म्हणजे जिनिंगच्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मिस्त्रीच्या मागे आठ-आठ दिवस फिरायचं. त्याचा चहा आणायचा, बिडी आणायची, मग तो कधीतरी घासलेली, खडखडणारी एखादी बेरिंग अंगावर फेकायचा. रॉकेलच्या वाटीत ती रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी काळं तेल खाली बसलेलं. तेव्हा मला नंबर माहीत नव्हता. आज आठवून सांगतो, ती ६२०५ असणार, आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरून ५२. रोज हातात येते ना.

गाडी डांबरावर आली की असा आवाज करायची की बायका ओट्यावरून शिव्या द्यायच्या. एकदा सहा नंबरच्या हायवेवर नेली. समोरून ट्रक. मी वाचलो, पण घरी आबांनी ज्या फळीवर बसलो होतो तीच फळी काढून मारलं.

मला जे सुचतंय ते असं. आबांच्या खेळण्यात शेत होतं, माझ्या खेळण्यात जिनिंग होती. गावात जे काम चालायचं त्याचा कचरा पोरांच्या हातात यायचा आणि पोरं त्याचं काहीतरी करायची. माझ्या दुकानातही कचरा ढिगाने आहे. तांब्याची तार, जुन्या बेरिंग, पंख्याची पाती, फुटके टर्मिनल. सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याकडे किलोवर जातं. पोरगा त्या पोत्यावर बसून मोबाईल खेळतो. एकदाही आत हात घातला नाही.

मोबाईल वाईट, असं मी म्हणत नाही. "काढून घ्या" हा सल्ला कृपा करून देऊ नका, मे महिन्यात तो प्रयोग झाला. बाहेर ४४-४५ डिग्री, दुपारी पोराला घराबाहेर काढायची सोय नाही. पाचव्या दिवशी बायकोनेच वैतागून मोबाईल त्याच्या हातात दिला.

तर प्रश्न एवढाच: १२ वर्षांच्या पोराला खोलता येईल, बिघडवता येईल आणि परत जोडता येईल असं काय द्यावं? बजेट हजारापर्यंत.

ओट्यावरचा

जिभाऊ, बेरिंगच्या गाडीवरून किती जणांचे दात पडले तो आकडाही येऊ द्या. माझा समोरचा अर्धा दात १९९१ साली एरंडोलच्या उतारावर राहिलाय. माझ्या पोराने आयुष्यभर मोबाईल खेळला, त्याचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.

यावलची_माय

स्टेटरभाऊ, तुमचं लिखाण छान आहे, पण वाचताना मला माझा भाऊ आठवला आणि जरा रागच आला. त्याच्याकडेही असली गाडी होती. गाडीवर तो बसायचा, ढकलायची मी. उतार संपला की गाडी वर ओढून आणायचीही मीच. मी एकदाच बसले, तर आजीने खाली खेचलं, परकर चाकात जाईल म्हणून.

मी ५८ वर्षांची. आमचा खेळ म्हणजे भुलाबाई, काही गावांत तिला गुलाबाई म्हणतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पूर्ण महिना. रोज संध्याकाळी या घरून त्या घरी, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. ते ओळखणं हा खरा खेळ. झाकलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, धप्प वाजलं तर लाडू, काहीच वाजलं नाही तर शिरा. माझी एक मैत्रीण डब्याला हात लावून, तो किती गरम आहे त्यावरून सांगायची. न उघडता आत काय आहे हे ओळखायची आमची विद्या होती. तुम्हाला सगळं खोलायला मिळालं, आम्हाला झाकणावरूनच कळून घ्यावं लागलं.

आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका. निंबाच्या फांदीला दोर. माहेरी आलेल्या बाया झोक्यावर, आम्ही पोरी पाळीची वाट बघत खाली. पण बाराव्या-तेराव्या वर्षी सगळं संपलं. सुट्टी म्हणजे पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, कापूस वेचायला जायचं. पुरुष माणसं "आमच्या लहानपणी" म्हणतात तेव्हा ते लहानपण पंधरा-सोळापर्यंत चालतं, हे लक्षात घ्या.

माझी नात ११ वर्षांची आहे. मोबाईलवर बुद्धिबळ खेळते, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी. तिला कोणी खाली खेचत नाही. त्या यंत्रावर माझा राग नाही.

भाऊ, तुम्हाला मुलगी आहे का? तिला काय खोलायला दिलं?

स्टेटर_पारोळा

ताई, आहे. नववीला आहे. तुमचा प्रश्न वाचून रात्री नीट झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

ती आठ वर्षांची असल्यापासून दुकानात बसून मला कॉइलचे टर्न मोजून देते. मी हँडल फिरवतो, ती मोजते. ६२ म्हटलं की ६२, एक इकडचा तिकडे नाही. वायरचा गेज ती बोटाने सांगते, मायक्रोमीटर लावून बघितला तर बरोबर निघतो. पण ते मी काम म्हणून दिलं. खेळ म्हणून गाडी आणली ती पोराला. हे मी प्रश्नात लिहिलंच नाही, आणि लिहिलं नाही हे मला तुम्ही विचारेपर्यंत कळलंही नाही.

चाळीसगाव_ते_हिंजवडी

काका, मी १९९५ चा, म्हणजे तुमच्या आणि तुमच्या पोराच्या मधला. आमच्या पिढीचं बालपण वाचवलं ते भारनियमनाने. संध्याकाळी लाइट गेली की अख्खी गल्ली बाहेर. लपंडाव, डाबडुबली, आणि लाइट आली की एकच आरोळी आणि सगळे आत. आत म्हणजे टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं "९९९९ गेम", आत खरे वेगळे गेम पंधरा-वीसच, बाकी तेच पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. आम्हाला वाटायचं फुंकर मारल्याने चालते. चालायची ती काढून परत नीट बसवल्याने. फुंकरीने थुंकी जाऊन पिना गंजायच्या, उलट नुकसानच. दहा वर्षं आम्ही चुकीचं रिपेअरिंग अगदी श्रद्धेने केलं.

आता पुण्यात प्रोग्रॅमर आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली कामाची. त्रिकोणी खाचेचा पेचकस मिळतो. बारीक बिटांचा सेट ऑनलाइन मागवा, तीनशे-चारशेत येतो, त्रिकोणी, चांदणी, सगळी टोकं असतात. तो काळा थेंब म्हणजे चिप असते, वरून राळ ओतून बंद केलेली. ती तुम्हीच काय, कोणीच दुरुस्त करत नाही. पण गाडी एकाच बाजूला वळत असेल तर बहुतेक वेळा पुढच्या चाकांना वळवणारी छोटी मोटार किंवा तिची तार गेलेली असते. थेंबाचा दोष नसावा. तुम्ही मोटारवाले असून मोटार बघितली नाहीत, याचं मला हसू आलं, माफ करा.

दुसरी. पोरगा मोबाईलवर नक्की काय खेळतो ते लिहाल का? सगळे गेम एका पोत्यात घालू नका. काही गेम गाडीसारखे सीलबंद असतात, काही मात्र आतून खोलता येतात.

स्टेटर_पारोळा

दोन आहेत. एक गोळीबाराचा, त्यात दिवसभर "मागे बघ, मागे बघ" ओरडत असतो. दुसरा ठोकळ्यांचा, माइनक्राफ्ट, त्याच्या पुण्याच्या मामाने विकत घेऊन दिलाय. त्यात तो पारोळ्याचा भुईकोट किल्ला बांधतोय, खंदकासकट. मला वाटलं हा विटा रचायचा खेळ.

मोटार बघितली नाही हे खरं. कापण्याच्या रागात राहून गेली.

चाळीसगाव_ते_हिंजवडी

काका, त्याला एकच विचारा, किल्ल्याचा दरवाजा कशावर उघडतो? तो "रेडस्टोन" म्हणाला, तर शेजारी खुर्ची घेऊन बसा. रेडस्टोन म्हणजे त्या खेळातली वायरिंग, ती तुमचीच लाइन आहे.

सातपुडा_शाळा

मी चोपड्याच्या वरच्या बाजूला, पायथ्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वर्गातली बरीचशी मुलं पावरा. २०२० च्या मार्चनंतर शाळा बंद झाली, ऑनलाइन शिकवा असा आदेश आला. माझ्या ३१ मुलांपैकी पाच घरांत चालणारा फोन होता आणि रेंज टेकडीवर. अभ्यास किती झाला ते विचारू नका. पण मुलं टेकडीवर जमायची, एका फोनभोवती आठ डोकी, आणि रेंज गेली की तिथेच गोफण, गलोल, दगड रचून बंधारे. त्यांना खेळ आणि यंत्र यांत भांडण दिसतच नव्हतं, ते आपल्यालाच दिसतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर स्वस्त आहे. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून त्रिकोण, चौकोन, घरं करायची पद्धत देशभर पोचवली. ते आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले तेव्हा हे सुचलं. मी दरवर्षी करून घेतो. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो, हे मुलं बोटांनी शिकतात, मग घराच्या छपराला कैची का असते ते सांगावं लागत नाही. अडचण एकच, ती ट्यूब पूर्वी सायकलच्या दुकानात मीटरवर मिळायची, आता बाजारात फिरावं लागतं.

तुमच्याकडे तर तांब्याची तार आहे. एक सेल, एक लोहचुंबक, सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना, आणि मध्ये तारेचं वेटोळं. एका टोकाचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा लेप, पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. वेटोळं फिरायला लागतं. अर्धंच का, हा प्रश्न मुलगा स्वतः विचारेल. उत्तर लगेच देऊ नका. आणि मुलीलाही सोबत बसवा, तिच्या हाताला तार ओळखीची आहे.

स्टेटर_पारोळा

सगळ्यांचे आभार. १५ दिवसांनी लिहितोय, सीझन चालू आहे, मोटारींची रांग लागली होती.

दरवाजा रेडस्टोनवरच निघाला. मी शेजारी बसलो. बटण दाबलं की दोन ठोकळे सरकतात, दार उघडतं, आणि सेकंदाभरात आपोआप बंद होतं. पोराला ते उघडं राहायला हवं होतं, महिनाभर अडकला होता. मी म्हटलं, अरे, हे तर स्टार्टरचं दुखणं आहे. हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटार चालू कशी राहते?

कागदावर काढून दाखवलं. हिरव्या बटणाने कॉइलला करंट गेला की कॉइल पट्टी ओढते, त्या पट्टीबरोबर एक छोटा कॉन्टॅक्ट मिळतो, तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला. बोट काढलं तरी करंट त्या वाटेने येत राहतो. आम्ही याला होल्डिंग म्हणतो. तांबडं बटण मुळातच जोडलेलं असतं, दाबलं की वाट तुटते.

पोराने तसंच केलं, करंट गोल फिरून स्वतःकडेच येईल अशी जोडणी केली. दार उघडलं ते उघडलंच. बंद करायला तांबडं बटण नाही. रात्र झाली आणि खंदकावरून झोंबी किल्ल्यात. मला पुढे काही सुचेना, कारण त्यांच्या खेळात दाबल्यावर तुटणारं बटणच नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पप्पा, टॉर्च उलटी असते. करंट आला की विझते." मग दोन टॉर्च अशा लावल्या की एक पेटली की दुसरीला विझवते. दोन बटणं, एक उघडायला, एक मिटायला. हे मी शिकवलेलं नाही. मला अजून ते पूर्ण कळलेलंही नाही, मुलीने दोनदा कागदावर काढून दाखवलं तेव्हा निम्मं कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो सरळ दुकानात. "खरा स्टार्टर खोलू का?" टेबलावर एक जुना पडलेला होता, सप्लाय नसलेला. चार स्क्रू काढले, साधे, आडव्या खाचेचे. पट्टी बोटाने दाबली. खट. सोडली, पुन्हा दाबली. वीसेक वेळा तरी दाबली असेल. मग तो छोटा होल्डिंगचा कॉन्टॅक्ट शोधून काढला आणि त्यावरची काजळी शर्टाला पुसली. शर्ट शाळेचा, पांढरा. त्यावर घरी जे ऐकावं लागलं ते वेगळं.

सरांचं सेलवरचं वेटोळं पोरीने केलं. पहिल्या दिवशी फिरलंच नाही, दोन्ही टोकं पूर्ण खरवडली होती. "अर्धंच का" यावर दोघांचं भांडण अजून चालू आहे, मी तोंड उघडलेलं नाही.

काल पुन्हा गोळीबाराचा खेळ चालू होता, हेही सांगून टाकतो.

बिटांचा सेट आला, ३४० ला. गाडीतली ती छोटी मोटार काढून बघितली, तारच सुटली होती, एका टाक्याचं काम. पण गाडीचे मी आधीच दोन तुकडे केलेले. तर आता पेचकस आहे आणि खोलायला काही नाही. पारोळा-अमळनेरकडच्या कुणाकडे त्रिकोणी स्क्रूचं काही बंद पडलेलं असेल, तर दुकानावर आणून टाका. चहा माझ्याकडे.